आळ स्प्रिंगवर, दणका भलतीकडून: खाली केलेल्या एका हॅचबॅकचं प्रकरण

"दादा, गाडी मऊ करायची आहे. पण चालवताना मऊ वाटता कामा नये."

माझ्या धाकट्या मित्राची ही मागणी ऐकून मी आधी हसलो. नंतर लक्षात आलं की स्पोर्टी गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण थोड्याफार फरकानं हेच मागतो, आणि ते मागणं वाटतं तितकं वेडगळ नाही.

गाडी पाच दारांची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, वजन सुमारे १,२५० किलो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई), म्हणजे या आकाराच्या गाड्यांत नेहमी दिसणारीच मांडणी. पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या हातची घेतलेली. आधीच्या मालकानं ती लाल रंगाच्या आखूड स्प्रिंगा टाकून जवळपास ४० मिलिमीटर खाली बसवली होती आणि १८ इंची अ‍ॅलॉय लावले होते. मूळच्या काळ्या स्प्रिंगा एका खोक्यात घालून गाडीसोबत दिल्या होत्या. ते खोकं मित्रानं उघडलंही नव्हतं.

चार महिने त्याची काही तक्रार नव्हती. तो एकटा ऑफिसला जायचा आणि वळणांवर खूश व्हायचा. मग एका रविवारी आई आणि बहीण मागच्या सीटवर बसल्या. दीड तासाचा प्रवास संपल्यावर आई उतरल्या, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "गाडी छान आहे रे. पुढच्या वेळी मी बसनं येईन."

माझ्याकडे आला तेव्हा उपाय त्यानं ठरवूनच टाकला होता: कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्झॉर्बरच्या जोड्या. ३२ क्लिकवाले, मऊ-कडक करता येणारे. मी म्हटलं, दोन रविवार थांब, तोवर काही विकत घेऊ नकोस.

"आदळते" म्हणजे नक्की काय?

"गाडी आदळते" या दोन शब्दांत निदान तीन वेगळी दुखणी लपतात. पहिलं, छोट्या धारदार गोष्टीवर येणारी कोरडी "टक": पुलाचा सांधा, रस्त्यातलं झाकण. दुसरं, खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर खालून कुणी लाथ मारावी तसा दणका. तिसरं, सरळ दिसणाऱ्या रस्त्यावरही मान सारखी हलत राहणं, ज्याला मित्र "उचक-उचक" म्हणायचा. पहिल्याचं मूळ बहुधा टायर आणि बुशांत (सांध्यांतल्या रबरी गाद्यांत) सापडतं, तिसऱ्याचं स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बरच्या जोडीत. (गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात, पुढे मीही तेच म्हणतो.) दुसऱ्याचं मूळ कुठे, हेच या प्रकरणात शोधायचं होतं.

मी त्याला विचारलं, "एकटा असताना दणका बसतो?"

"बसतो, पण चालून जातं. आई मागे असली की प्रत्येक स्पीडब्रेकरवर बसतो."

इथे मी चहाचा कप खाली ठेवला, कारण हे उलटं आहे. तीच स्प्रिंग ठेवून वजन वाढवलं तर गाडीचं वरखाली होणं संथ होतं, म्हणजे गाडी मऊ वाटायला हवी. रिकामा टेम्पो उडतो आणि भरलेला शांत चालतो, तो याच कारणानं. जी गाडी माणसं बसल्यावर जास्त आदळते, तिच्या स्प्रिंगा कडक आहेत एवढं म्हणून भागत नाही. तिच्या चाकांना वर यायला जागाच उरलेली नसण्याची शक्यता मोठी.

शंका होती, पुरावा नव्हता. म्हणून फुकटातल्या गोष्टीपासून सुरुवात केली.

हवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगत होता: पुढे ३३, मागे ३० पीएसआय, टायर थंड असताना. गेजवर चारही टायरांत ३९ निघाले, तेही सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. मित्राचं म्हणणं, "लो प्रोफाइलला हवा जास्त लागते ना?"

या समजुतीत थोडं तथ्य आहे. अरुंद किंवा कमी भार पेलणारा टायर लावला, तर तोच भार उचलायला हवा वाढवावी लागू शकते. पण त्याचा २२५/४० आर १८ हा साइज कंपनीच्याच यादीत होता आणि स्टिकरवरचा आकडा त्याच साइजसाठी होता. वरचे सहा-नऊ पीएसआय निव्वळ कडकपणा वाढवत होते. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच, आणि तिचा कडकपणा हवेबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय या साइजमध्ये रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत असते जेमतेम ९० मिलिमीटर. त्या ९० मिलिमीटरना काम करू द्यायचं की फुगवून दगड करायचं, हे हवा भरणारा ठरवतो.

हवा स्टिकरप्रमाणे केली. (तापमान १० अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे ऋतू पालटला की पुन्हा बघायचं.) त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला: सांध्यांवरची टक निम्म्यावर आली, दणका मात्र जसाच्या तसा.

असं एकेक करून बदलण्याचा फायदा हाच. टक आणि दणका ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे आता माझ्या तर्कावर अवलंबून राहिलं नाही.

दहा पैशांची टाय

दुसऱ्या रविवारी गाडी माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे नेली. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक बाहेर काढलं, की गाडी चारही चाकांवर उभी असतानाच स्ट्रट दिसतो. त्यावरचं रबरी डस्ट कव्हर वर सरकवून बांधलं. आत शॉकअपचा चकचकीत दांडा आणि दांड्याच्या वरच्या टोकाला पिवळट, स्पंजसारखा पण घट्ट ठोकळा: बंप स्टॉप. चाक वर येतं तेव्हा शॉकअपची नळी दांड्यावरून वर सरकते, आणि प्रवास संपत आला की या ठोकळ्यावर जाऊन टेकते. धातू धातूवर आदळू नये एवढ्यासाठीच तो असतो.

वायरी बांधायची एक बारीक प्लॅस्टिकची टाय दांड्याभोवती आवळली आणि नळीच्या तोंडावर टेकवून ठेवली. नळी वर सरकली की टाय ढकलली जाते आणि जिथवर गेली तिथेच राहते. चाक किती वर गेलं होतं याची ती मुकी नोंद.

टाय बांधतानाच उत्तर समोर आलं होतं. मित्राला ड्रायव्हर सीटवर बसवून नळीचं तोंड ते ठोकळ्याची कड हे अंतर मोजलं: ८ मिलिमीटर. उभ्या गाडीत! बोटाचं पेरही आत जात नव्हतं. मागच्या शॉकअपला १० मिलिमीटर होतं, पण मागच्या सीटवर दोन माणसं बसवली आणि नळी सरळ ठोकळ्याला जाऊन भिडली. म्हणजे आई ज्या सीटवर बसल्या होत्या तिच्याखालची स्प्रिंग नावापुरती होती. त्या अख्खा दीड तास बंप स्टॉपवर बसून आल्या होत्या.

दोन किलोमीटरची फेरी मारून परत पाहिलं, तर चारही टाय ठोकळ्यांच्या खालच्या कडेत रुतून बसल्या होत्या. उजव्या मागच्या ठोकळ्याचा तर खालचा कंगोरा चुरा होऊन डस्ट कव्हरच्या तळाशी पडला होता. मित्रानं तो पिवळा भुगा बोटांत घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी सस्पेन्शनवर गाडी चालवतच नव्हतो."

आकडे काय म्हणतात

इथे थोडं गणित. पुढच्या ॲक्सलवर गाडीचं सुमारे ६२ टक्के वजन. चाक, ब्रेक, हब वजा केले तर पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंग उचलते ते वजन सुमारे ३४५ किलो. खोक्यातली मूळ स्प्रिंग आणि लाल स्प्रिंग कॅलिपरनं मोजल्या: वेटोळ्याचा व्यास सारखाच, काम करणारे वेढेही सारखे, तार मात्र १२.५ ऐवजी १३.५ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणून ती ३६ टक्के जास्त कडक. मापांवरून हिशेब केला तर मूळची सुमारे २५ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि लाल ३४.

कडकपणा आणि वजन यांवरून गाडी स्वतःहून किती वेगानं वरखाली होईल ते काढता येतं. मूळ स्प्रिंगवर १.३५ हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या वेळा) आसपास, लालवर १.५८. आरामासाठी केलेल्या गाड्या साधारण १ ते १.५ मध्ये बसतात, स्पोर्टी गाड्या १.५ ते २ मध्ये. म्हणजे लाल स्प्रिंग कडक आहे, पण जुलमी नाही. त्यातच माणसाचं शरीर उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त वैतागतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. आयएसओ २६३१ या मानकातही याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व दिलेलं आहे. १.५८ तिथून बरंच लांब.

पण नळी ठोकळ्याला भिडली की स्प्रिंग आणि ठोकळा मिळून एक नवी स्प्रिंग तयार होते. ठोकळा आधी हळू दबतो आणि मग झपाट्यानं कडक होत जातो. एकूण कडकपणा २५० पर्यंत पोचला, की तोच कोपरा ४.३ हर्ट्झवर वागायला लागतो, म्हणजे नेमका पाठीला नकोशा पट्ट्यात. दणका तो. स्प्रिंगवर आळ येत होता, कारण ती लाल होती आणि दिसत होती. ठोकळा कव्हरखाली लपला होता.

स्प्रिंग अगदी निर्दोष होती असंही नाही. ३६ टक्के कडक स्प्रिंगला जुनाच शॉकअप आवरत होता. स्प्रिंग वाढली आणि शॉकअप तोच राहिला, तर आवरण्याची ताकद त्या मानानं १४ टक्क्यांनी कमी पडते. वर हे शॉकअप ७०,००० किलोमीटर चाललेले, एकाच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा. उचक-उचक होती ती या जोडीची. बोनेट दाबून सोडायची जुनी परीक्षा मेकॅनिकनं केली, गाडी एकदाच हलून थांबली आणि तो म्हणाला, "ठीक आहेत." त्या परीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही. पार मेलेला शॉकअप तेवढा त्यात पकडला जातो. अर्धमेला असेल तर बुश आणि सीलचं घर्षणच त्याला पास करून टाकतं.

एक काम मी उगाच आधी केलं

गाडी वर घेतलीच होती म्हणून चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या, बुशांवर टॉर्च मारला. रबराचा पीळ उघड दिसत होता. आतली लोखंडी नळी आणि बाहेरचा कडा यांच्यामधलं रबर एका बाजूला ओढलेलं, त्यावर बारीक तिरप्या भेगा.

कारण साधं आहे. या बुशांत रबर दोन्ही धातूंना चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा काही सरकत नाही, रबरच पिळतं. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची विश्रांतीची जागा. गाडी ४० मिलिमीटर खाली आली, पण बोल्ट कुणी सैल केलेच नाहीत. साधारण ३५० मिलिमीटर लांबीच्या आर्मला हा साडेसहा अंशांचा कायमचा पीळ झाला. पिळलेलं रबर लहानसहान धक्का गिळत नाही, तो बॉडीकडे पाठवून देतो. गाडी हवेत लटकलेली असताना बोल्ट आवळले तरी हाच प्रकार होतो, आणि ही चूक मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिली आहे.

म्हणून गाडी चाकांवर उभी ठेवून बोल्ट सैल केला. "टण्ण" आवाज झाला आणि आर्म डोळ्यांदेखत हलला. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची ३२२ मिलिमीटर होती, ती ३१८ झाली. पिळलेलं रबर इतके दिवस गाडीला थोडं उचलून धरत होतं! टॉर्क पान्यानं बोल्ट पुन्हा आवळले, टक आणखी कमी झाली. पण ठोकळ्यापर्यंतचे ८ मिलिमीटर आता ४ राहिले आणि दणका वाढला. काम बरोबर होतं, वेळ चुकली. स्प्रिंगा बदलल्यावर हेच पुन्हा करावं लागणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. मेकॅनिकनं दुसऱ्यांदा तोच बोल्ट सैल करताना माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

पर्याय, आणि कॉइलओव्हरचं काय?

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे बंप स्टॉप कापणं. अर्धा ठोकळा उडवा, ८ चे ३० मिलिमीटर होतात. काही आखूड स्प्रिंगांच्या सूचनांमध्ये ठरावीक मापानं कापायला सांगितलेलं असतं, ते त्या स्प्रिंगांपुरतं ठीक. अंदाजानं कापला तर मोठ्या खड्ड्यात टायर कमानीच्या आत घासू शकतो किंवा शॉकअपच्या तळाचा वॉल्व्ह ठोकला जातो. मी नाही म्हटलं.

कॉइलओव्हरबद्दल मित्राचे दोन गैरसमज होते. पहिला: उंचीची रिंग फिरवून स्प्रिंग सैल केली की गाडी मऊ होते. होत नाही. सरळ स्प्रिंगला १ मिलिमीटर दाबायला जेवढं बळ लागतं, ते रिंग कुठेही असली तरी तेवढंच लागतं. रिंगनं बदलते ती उंची. दुसरा: क्लिक फिरवून स्प्रिंग मऊ होते. क्लिक शॉकअपचे असतात. स्प्रिंग आत जी आहे तीच राहते, आणि बहुतेक किटमध्ये ती मूळच्यापेक्षा बरीच कडक असते. चांगले, पुरेसा प्रवास असलेले कॉइलओव्हर मऊही चालतात, हे खरं. पण आईंसाठी म्हणून गाडी परत वर करायची असेल, तर उंची खाली-वर करण्याच्या यंत्रणेवर पैसे कशाला घालायचे?

"मग बटणावर मऊ होणाऱ्या शॉकअपवाल्या गाड्या?" तो म्हणाला. चुंबकानं घट्ट होणारं तेल वापरणारे शॉकअप २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आले, आणि खरंच सुरेख काम करतात. पण तसली गाडीही आखूड स्प्रिंगांवर बसवली की तिचं तेल कितीही हुशार असो, ठोकळा ठोकळाच.

त्याची खरी भीती वेगळी होती: मूळ स्प्रिंगा म्हणजे वळणावर झुकणारी, म्हातारी गाडी. तेव्हा मी त्याला गाडीसमोर उकिडवं बसायला लावलं आणि लोअर आर्म दाखवले. खाली बसवलेल्या गाडीत ते चाकाकडे वर चढत गेलेले होते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आर्म असे उलटे झुकले की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि कलवणारा जोर उलट वाढतो. आखूड स्प्रिंग कडक करावी लागते त्याचं हेही एक कारण. शिवाय वळणात मध्येच बाहेरचा ठोकळा भिडला, तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो. पुढे भिडला तर गाडी सरळ पळू पाहते, मागे भिडला तर शेपूट सुटते. तो लगेच म्हणाला, "पुलाखालच्या वळणावर मागचं चाक उडतं आणि ईएसपीचा दिवा लुकलुकतो." (ईएसपी म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा.) मी म्हटलं, हेच ते.

शेवटी काय केलं

खोक्यातल्या काळ्या स्प्रिंगा परत घातल्या. नवे शॉकअप घेतले, मूळ उंचीसाठीच बनलेले, पण परतीचा जोर एका खुंटीनं बदलता येणारे. सोबत नवे बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि वरची माउंटिंग, कारण स्ट्रट उघडल्यावर ही माउंटिंग जुनी ठेवणं म्हणजे तीच मजुरी पुन्हा देण्याची तयारी. बुशांचे बोल्ट नव्या उंचीवर, गाडी चाकांवर उभी असताना आवळले. अँटी-रोल बारला (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला) हात लावला नाही.

टायर बदलणं भागच होतं. गाडी खाली केल्यावर अलाइनमेंट कुणी केलीच नव्हती, त्यामुळे पुढच्या टायरांच्या आतल्या कडा तार दिसण्याच्या बेतात होत्या. बाहेरून पाहिलं तर नवेकोरे. त्याचाच फायदा घेऊन १७ इंची चाकं सुचवली. २२५/४५ आर १७ मध्ये रबराची भिंत ९० वरून १०१ मिलिमीटर होते आणि एकूण व्यास अर्ध्या टक्क्याहून कमी बदलतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळत नाही. भाराचा निर्देशांक ९१, म्हणजे टायरमागे ६१५ किलो, आणि कंपनीच्या पुस्तिकेत हा साइज होताच. १६ इंची चाक आणखी आरामाचं झालं असतं, पण पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर बसत नव्हतं. शेवटी अलाइनमेंट.

हबपासून कमानीपर्यंतची उंची ३५८. ठोकळ्यापर्यंतची मोकळी जागा पुढे ४५ मिलिमीटर.

पहिल्या दिवशी मी शॉकअपची खुंटी पूर्ण मऊ टोकाला ठेवली. आरामच हवाय ना, म्हणून. ही दुसरी चूक. उंचवट्यावरून ८० च्या वेगानं उतरलो की गाडी वर येऊन पुन्हा बसायची, मग पुन्हा थोडी वर. मित्र मुकाट्यानं चालवत होता. शेवटी म्हणाला, "दादा, होडी झाली." खरं होतं. स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळलेलं परत फेकते, आणि ते परत फेकणं कुणीतरी धरावं लागतं. पुढे अर्धा फेरा आणि मागे पाऊण फेरा कडक केला. मागे जास्त का, तर मागचे हेलकावे पुढच्यांच्या आत संपले की गाडी डुलत नाही. पुढचं चाक आधी उंचवट्यावर चढतं. २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीत ६० च्या वेगाला मागचं त्यानंतर ०.१६ सेकंदानं येतं, आणि त्याला मागून येऊन गाठायचं असतं. मागचं टोक पुढच्यापेक्षा थोडं चपळ असावं, हा विचार १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी मांडला, तो स्प्रिंगांच्या संदर्भात. या गाडीच्या मूळ स्प्रिंगांत तो आधीच होता: पुढे १.३५, मागे रिकाम्या गाडीत १.६ च्या आसपास. मागे माणसं बसली की हा फरक आटतो, म्हणून खुंटीला थोडा हात दिला.

त्यानंतर

त्याच फेरीवर, त्याच वेगानं, मागे दोन माणसं बसवून पुन्हा टाय बांधून पाहिली. मागच्या टाय ठोकळ्याच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या. एका मोठ्या स्पीडब्रेकरवर उजव्या बाजूची ठोकळ्याला स्पर्शून आली, रुतली नाही. ठोकळा त्यासाठीच असतो, कधीमधी भेटण्यासाठी.

पुलाखालच्या वळणावर मागचं चाक आता उडत नाही, दिवाही लुकलुकत नाही. खडबडीत वळणं तो आता पूर्वीपेक्षा वेगात घेतो, असं तोच सांगतो. मी शेजारी बसत नाही. गुळगुळीत, लांब वळणावर मात्र गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते, हे त्यानं बरोबर ओळखलं. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटरनं वर गेला म्हणजे आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन आठेक टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंगाही मऊ झाल्या. तिथे त्यानं थोडं गमावलं आहे आणि ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. स्टिअरिंगची पहिली ओढही १७ इंची टायरांवर किंचित उशिरा लागते. दोन दिवस त्याला ते जाणवलं, तिसऱ्या दिवसापासून त्यानं विषय काढला नाही.

पुलाच्या सांध्यांवरची टक पूर्ण गेलेली नाही. टायर अजून लो प्रोफाइलच आहे आणि मागच्या सीटचा फोम पातळ. मागची सीट जवळपास मागच्या ॲक्सलवरच येते, पुढच्या सीटला दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असल्याचा जो फायदा मिळतो तो तिला नाही. आई आता गाडीनं येतात, पण पुढे बसतात.

मित्राला अजून खुपतं ते एकच: चाक आणि कमान यांच्यामधली फट. पार्किंगमध्ये गाडीपासून दूर जाताना तो एकदा तरी वळून त्या फटीकडे पाहतो. लाल स्प्रिंगा त्यानं विकलेल्या नाहीत. पुसून, तेलाचा हात देऊन त्याच खोक्यात ठेवल्या आहेत.